हव्वेचे केस माझ्या खिशात

मु. आपलं घर, बाहुल्यांची खोली
दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. कान पकडतो. दोऱ्यांचा गुंता करण्याबरोबर कान पकडण्यातही तुझा गुंत्या आता चांगला तयार झाला आहे.

बाबांची तब्येत तशी ठीक आहे, हात मात्र फारच थरथरतात. मागच्या खेळात त्यांनी हत्ती नाचवला, तर पुढे बसलेल्या एका बाईंनी हत्तीला थंडी वाजतेय का म्हणून मोठ्यानं विचारलं. सगळे हसले. बाबाही वरवर हसले आणि घरी येऊन न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की यापुढे ते दोऱ्यांना हात लावणार नाहीत, फक्त देवाचा आवाज काढतील. म्हणजे बाजूच्या पडद्याआड स्टुलावर बसायचं, पत्र्याचं नरसाळं तोंडाला लावायचं आणि खूण झाली की जग निर्माण करायचं. बाकी सगळं माझ्याकडे. मला हात दोनच, म्हणून मदतीला सुतार असतो.

हो, तोच सुतार. तुला मागे सगळं लिहिलं ते वाचून तू तीन पानं भरून मला चिडवलंस, त्यावर मी आठवडाभर तरंगत होतो. बाबांना मात्र अजून एवढंच माहीत आहे की त्यानं ज्ञानाच्या झाडाला बिजागरी बसवून ते घडीचं केलं. त्यावर ते बेहद्द खूश आहेत. झाडावर, म्हणजे.

परवा नव्या सभागृहाच्या बाई आल्या होत्या. सभागृहाची सुरुवात जगाच्या सुरुवातीनं करायची असं त्यांच्या मनात आहे, म्हणून आपला आदाम-हव्वेचा खेळ ठरला आहे. बाईंनी सुताराकडे बघून हे कोण म्हणून विचारलं. मी पटकन म्हणालो की हा चौकटीचं काम बघतो. तो तिथेच खिळा ठोकत होता. खिळा वाकडा गेला. ताई, त्याचा खिळा कधी वाकडा जात नाही.

बाई गेल्यावर त्यानं शांतपणे सांगितलं की त्याला लांबच्या एका नाटकगृहाच्या कारखान्यात बोलावणं आलं आहे. मी बाबांना आमच्याबद्दल सांगितलं तर तो इथेच राहील, नाहीतर जाईल. धमकी देणारा माणूस तो नाही. टेबलाचा पाय आखूड आहे हे सांगावं तसं त्यानं हे सांगितलं. मी शब्द दिला आहे की हा खेळ झाला की बाबांशी बोलतो. शब्द दिल्यापासून बाबांसमोर बसलं की वाटतं यांना फसवतोय, त्याच्यासमोर बसलं की वाटतं याला फसवतोय, आणि एकटा बसलो की दोन्ही वाटतं.

हव्वा तुझ्याकडे आहे. पानांचा नवा पोशाख आणि धुतलेले केस यांसह तिला वेळेवर पाठव. आणि तू स्वतः ये. भावोजींना नमस्कार. तुझा लोभ वाढवू नकोस, पेलणार नाही; आहे तेवढाच राहू दे.

तुझा,
गुंत्या

•

दि. १२ फेब्रुवारी

चि. गुंत्यास,
अ. उ. आ.

हव्वा आजच पार्सलानं रवाना केली. धड वेगळं, डोकं वेगळं, बाबांच्या शिस्तीप्रमाणे. डोकं उतरवलं की चेहरा बघायचा नाही, चाचपूनच मोज्यात घालायचं आणि मोजा काढायचा तो थेट खेळात मानेची खुंटी बसवताना. बाहुलीला आपण मोडलोय असं वाटू नये म्हणे. तुझे भावोजी मला या वयात हा खेळ करताना बघतात आणि घड्याळ दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावून हसतात. हसू देत. मला अजून ते मोडवत नाही.

केस टोपीवर शिवले आहेत, वेगळ्या कागदात आहेत. नुसते वरून ओढून घ्यायचे. पुढून जरा लांब राहिलेत, ओठांपर्यंत येतात, तेवढे मागे सार. राखीव आदामही इथेच माझ्या टेबलावर आहे. त्याच्या मिशीचा रंग उडाला होता, तो नव्यानं दिला. दोन डोकी, दोन्ही भावोजींच्या तपकिरी मोज्यांत. सकाळी हे घाईत एक मोजा पायात चढवायला गेले आणि कुणाच्या तरी नाकाला अंगठा लागून ओरडले. त्या गडबडीत टेबलावरचं सगळं इकडचं तिकडे झालं होतं, पण लावलं मी नीट.

मला यायला जमणार नाही, तेव्हा आता कान पकडायची पाळी माझी. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आहे, शिवणयंत्राजवळून उठता येत नाही. आई गेल्यावर हव्वेचा आवाज मी काढायचे. लग्न करून निघाले आणि हव्वेला तुझ्या त्या बिजागरीसारख्या कुरकुरत्या आवाजावर सोडून आले. दर खेळाला ते मनाला लागतं.

सुताराबद्दल एकच सांगते. बाबा ओरडतील, मग गप्प बसतील, आणि त्यांचं गप्प बसणं ओरडण्यापेक्षा वाईट असेल. ते सोसायची तयारी ठेव. पण चौकटीचं काम बघतो हे तू त्या माणसाबद्दल म्हणालास? मी त्याच्या जागी असते तर खिळा तुझ्या बोटात ठोकला असता.

पुढच्या पत्रात नुसत्या माफ्या नकोत, बातमीही येऊ दे. लोभ आहेच रे वेड्या, तो काय मागायचा.

तुझी,
ताई

•

मु. सुताराची खोली, लाकडाच्या वखारीवर
दि. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वरचा पत्ता वाचून तू काय समजायचं ते समजली असशील. सगळं समजू नकोस, आधी पूर्ण वाच.

खेळ सुरू झाला तो झकास. अंधार, मग उजेड, मग पाणी. बाबांचा आवाज नरसाळ्यातून असा काही घुमला की मागच्या रांगेतलं रडणारं पोरसुद्धा गप्प झालं. जनावरांना नावं देताना उंटाची दोरी हत्तीच्या सोंडेत अडकली, ती सुतारानं करंगळीनं सोडवली. मग देवानं म्हटलं की माणसानं एकटं असणं काही बरं नाही. आदाम झोपला. त्याच्या बरगडीचं दार उघडून मी बरगडी ओढली, लोक हसले, आणि मी मागे वळून हव्वेचं डोकं बसवायला मोजा काढला.

मोज्यातून मिशी बाहेर आली.

ताई, तू दिलेला रंग सुरेख चमकत होता. राखीव आदाम माझ्याकडे बघत होता आणि खाली हव्वेचं धड पानं लेवून तयार होतं. तेवढ्यात बाबा गरजले की ऊठ, तुझ्यासाठी कुणाला आणलंय बघ. बाबांच्या स्टुलावरून मंच दिसत नाही, त्यांना काय ठाऊक.

आता जे लिहितो त्यासाठीच हे पत्र आहे. हव्वेचे केस माझ्या हातात होते. टोपी चढवून पुढचे केस खाली ओढले असते तर मिशी झाकली गेली असती. तूच लिहिलं होतंस ते ओठांपर्यंत येतात म्हणून. एका झटक्याचं काम होतं. सुतारानं केसांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही. चौकटीचं काम बघतो म्हटलं तेव्हाही तो असाच काही बोलला नव्हता. मी केस पँटच्या खिशात कोंबले, मिशीचं डोकं त्या धडावर बसवलं आणि त्याच्या हातात दुसरा आदाम दिला.

तो मंचावर आला आणि सभागृह हशानं फुटलं. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसत होते. माझा आदाम उठला आणि बघतच राहिला, कारण मीच बघत राहिलो होतो. मग मी त्याचं ठरलेलं बोललो, की इतक्या जनावरांना नावं दिली, पण माझ्याच हाडामांसाचं कुणी आज पहिल्यांदा भेटलं. शेकडो वेळा म्हटलं असेल ते. त्या दिवशी आवाज माझाच लागला, आदामाचा नाही. हसणं हळूहळू थांबलं. आता मी हव्वेचा किरकिरा आवाज काढायचा, तर सुतार स्वतःच बोलला. आयुष्यात चार माणसांसमोर न बोललेला माणूस. म्हणाला की त्याला जनावरांची नावं काही येत नाहीत, पण कुंपण घालायचं असेल तर सांगावं.

पुढे सापाची फजिती. त्याला एका भोळ्या बाईला भुलवायचं माहीत, इथे दोन मिशीवाले. दोघं एकमेकांना आधी तू घे, आधी तू घे म्हणून फळ देत राहिले, शेवटी साप वैतागला आणि त्यानंच एक चावा घेतला. लोकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग देवानं विचारलं की तुम्ही कुठे आहात. दोघं झाडामागे. इथे आदामानं हव्वेकडे बोट दाखवायचं, हिनं दिलं म्हणून मी खाल्लं म्हणायचं. माझ्या आदामाचा हातच वर होईना. मी म्हणालो की फळ मी माझ्या मनानं घेतलं. सुतार लगेच म्हणाला की नाही, फांदी त्यानं खाली धरली होती.

आणि मग दोघांना बागेतून हाकलण्याचं बाबांचं वाक्य. चालते व्हा. ते बाबा कसं म्हणतात ते तुला सांगायला नको.

ते आलंच नाही. नरसाळं गप्प. आदाम आणि आदाम मान खाली घालून उभे, मी वरून दोऱ्या धरून उभा. एखाद्याला ताट वाढून होईल इतका वेळ गेला. माझे हात बाबांसारखे थरथरायला लागले, तेव्हा सुतारानं स्वतःचा एक हात मोकळा करून माझी दोऱ्यांची फळी धरली. शेवटी मीच पडदा टाकला. टाळ्या खूप झाल्या. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ छत्री आपटत निघून गेले, आणि सभागृहाच्या बाई मात्र धावत आल्या की हाच खेळ पुढच्या महिन्यात पुन्हा हवा. बाबांनी नरसाळं खुंटीला अडकवलं, कोट घातला आणि बाजूच्या दारानं गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ज्या माणसानं जन्मात एक शब्द चुकवला नाही, तो माझ्यापायी वाक्य विसरला. हात गेले होते, आवाज तेवढा उरला होता, तोही मी घालवला. सगळ्या गावासमोर त्यांच्या खेळाचं हसं केलं. घरी गेलो तर त्यांच्या खोलीचं दार बंद. मी कपडे पिशवीत भरले आणि इथे आलो. मला कुणी हाकललं नाही. माझा मीच निघालो.

यावर सुतार खूश असेल असं तुला वाटेल. तो रागावलाय. म्हणतो की मी सांगेन असा शब्द दिला होता, पळून येईन असा नाही, आणि बाहुलीकडून बोलवून घेणं म्हणजे सांगणं नव्हे. खरंच आहे. त्याची हत्यारांची पेटी दाराजवळ भरून ठेवली आहे. महिनाअखेरीला त्याला त्या कारखान्यात उत्तर कळवायचं आहे. बाबांच्या दारापर्यंत मी दोनदा जाऊन आलो, कडी वाजवायला हात उचलला नाही.

लोभ मागायची आज हिंमत नाही. उरला असेल तर ठेव.

तुझा अपराधी,
गुंत्या

•

दि. २५ फेब्रुवारी

चि. गुंत्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता उठले आणि टेबलावरचा मोजा उलटा केला. आतून हव्वा निघाली, टकली, डोळे टक्क उघडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी शिस्त मोडून तिचा सुटा चेहरा बघितला आणि तिच्याशी नजर मिळवता येईना. केस धुवायला काढले होते ना, म्हणून चाचपताना दोन्ही डोकी सारखीच लागली. आणि मिशी काही बोटाला लागत नाही. आधी हसले, मग रडले, मग तुझ्या भावोजींवर ओरडले, त्यांचा यात काहीही दोष नसताना.

तेव्हा मूळ चूक माझी. पण केस मी पाठवले होते, म्हणून उरलेली तुझी. उगाच सगळी एकट्यानं उचलू नकोस, तुझ्या खांद्यांना झेपायची नाही.

मी बाबांना वेगळं पत्र टाकलंय. लिहिलंय की डोकं माझ्या हातून चुकलं आणि केस पाठवायचे राहूनच गेले, त्यामुळे तुझा नाइलाज झाला. थाप मारली आहे, आणि बापाला थाप मारल्यापासून शिवणीचा धागा तीनदा तुटला. पण तुला परतायला एक फट राहावी म्हणून मारली. आता वापरायची की नाही ते तू ठरव. मला विचारशील तर वापरू नकोस. तो सुतार बरोबर बोलला. त्याला माझा नमस्कार सांग, आणि पेटी उघडायला लाव.

एक आठवलं. तू इतकासा होतास, मंचाखाली सापाची शेपटी धरून बसायचास. बाबा वरून चालते व्हा म्हणून गरजले की तू भोकाड पसरायचास आणि तुझी पाटी आणि बनियन घेऊन खरंच दाराकडे निघायचास. मग बाबा नरसाळं बाजूला करून हळूच सांगायचे की तुला नाही रे, त्यांना म्हणतोय. प्रत्येक खेळाला. लोकांना तो खेळाचाच भाग वाटायचा.

तू अजून पाटी घेऊन निघतोस, गुंत्या. या खेपेला तर कुणी गरजलंही नव्हतं. दाराची कडी वाजव.

कळव काय झालं ते. लोभ कुठे जाणार आहे, इथेच तुझी वाट बघत बसलाय.

तुझी,
ताई

•

मु. घर
दि. २८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, वखार दोन गल्ल्यांवर आहे हे मला माहीत आहे. चालत येता आलं असतं. पण समोर आलो की मी ओरडतो, म्हणून लिहितो आहे. अक्षर हलतं आहे ते हातामुळे, रागामुळे नाही.

तुझ्या ताईचं पत्र आलं. केस पाठवायचे राहिले म्हणते. तिला लहानपणापासून थाप मारता येत नाही आणि मी तिला ते कधी सांगितलं नाही. केस तुझ्या खिशातून गुडघ्यापर्यंत लोंबत होते. वर मचाणावर उभा होतास, पडदा आखूड आहे, पहिल्या चार रांगांनी बघितले असतील. मीही बघितले. स्टुलावरून मंच दिसत नाही असं तुम्ही समजता. बाजूच्या पडद्याला भोक आहे, ते मी फार पूर्वीच पाडलं आहे. नाहीतर देवाला कळणार कसं?

तेव्हा तुझ्या हातात केस होते आणि तू ते घातले नाहीस, हे मला त्याच वेळी कळलं. तुझं ते हाडामांसाचं वाक्यही ऐकलं. तुला खेळ शिकवून इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य तुला पहिल्यांदा नीट म्हणता आलं. बाकीचं तेवढ्यात समजलं. मी म्हातारा आहे, बहिरा नाही.

मी वाक्य विसरलो असं तुला वाटत असेल. मी विसरलो नाही. श्वास घेऊन नरसाळं तोंडाला लावलं होतं. भोकातून बघितलं तर मंचावर दोन बाहुल्या मान खाली घालून उभ्या, आणि वर तुझे हात थरथरताहेत आणि त्या सुतारानं तुझी फळी धरली आहे. तू लहान असताना रडायचास, तेव्हा मी सांगायचो की तुला नाही, त्यांना म्हणतोय. त्या दिवशी ते कोण आणि तू कोण, हे मला वेगळं करता येईना. म्हणून नरसाळं खाली ठेवलं.

घरी येऊन दार लावून घेतलं, कारण मला रडू येत होतं. रडायचं काम बघणाऱ्यांचं, आपलं नाही, असं तुला शिकवलेलं, मग तुझ्यासमोर कसा रडणार? सकाळी दार उघडलं तर तुझी पिशवी नाही. मी न म्हटलेलं वाक्य तू ऐकलंस आणि गेलास. मी तेच म्हणणार अशी तुझी खात्री होती. ती खात्री तुला माझ्याच वागण्यानं झाली असणार, दुसरं कोण करणार? तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. हे लिहायलाही इतके दिवस लागले.

झालं हे मला सगळं समजतं असं नाही. विचित्र वाटतं, वाटणार. काही बोललो आणि चुकलो तर सुतारानं मनाला लावून घेऊ नये. तो चौकटीचं काम बघतो हे तू बाईंना सांगताना मी ऐकलं आणि खरं मानलं, त्यात त्याचा अपमान दोघांनी मिळून केला. माझ्या वाट्याचं मी त्याला तोंडानं सांगेन.

जाताना दोन्ही आदाम तू एकाच खुंटीला अडकवून गेलास. असं कुणी करतं का? दोऱ्यांचा असा गुंता झाला आहे की सगळी सकाळ घालवली, सुटेना. कात्री घेतली होती, पण ठेवून दिली. राहू देत तसेच. सभागृहाच्या बाई पुढच्या तारखेसाठी येऊन गेल्या, त्यांना हो म्हटलं आहे. शेवटचं वाक्य काढून टाकायचं आहे, त्या जागी देवानं काय म्हणावं ते तिघांनी बसून ठरवू. मला एकट्याला सुचत नाही.

कडी लावलेली नाही. दोघं या. दार खाली घासतं, तेवढा रंधा घेऊन यायला त्याला सांग.

तुझ्यावरचा लोभ कधी बोलून दाखवला नाही, म्हणून तो नव्हता असं धरू नये, ही विनंती.

तुझे,
बाबा

ता. क. हव्वेचे केस आठवणीनं आण. ती पुढच्या पार्सलानं परत येणार आहे, आणि बागेत जागा आहे.